पंढरपूरचा खून

खुनाची हकीकत कानांवर आली कीं भला भला मनुष्य हातांतलें काम बाजूला ठेवतो. वर्तमानपत्र घरांत आलें म्हणजे अग्रलेखाकडे वळणारीं माणसें थोडीं. आधीं पाहिला जातो तो सेशन्स कोर्टांतला खटला. त्यांत लाजण्यासारखें कांहीं आहे असें मला वाटत नाहीं. मात्र बहुतेक खून एकदोन घरांची राखरांगोळी करितात आणि चार वर्षांनीं गांवही त्यांना विसरतो. आज मी ज्या खुनाची हकीकत सांगणार आहें, त्यांत मेला एकच मनुष्य. पण त्या प्रेताच्या पाठोपाठ तीन वर्षांच्या आंत पेशवाईचीही तिरडी उठली.

हा खून १८१५ सालच्या जुलै महिन्यांत, आषाढीच्या यात्रेच्या दिवसांत, पंढरपुरास विठोबाच्या देवळाजवळ झाला. ज्याचा खून झाला ते गायकवाडांचे वकील गंगाधरशास्त्री पटवर्धन. खून करविल्याचा आरोप ज्याच्यावर आला तो दुसऱ्या बाजीरावाचा कारभारी त्रिंबकजी डेंगळे. शाळेच्या पुस्तकांत ह्या प्रकरणाला सहसा एकच ओळ मिळते : त्रिंबकजीनें शास्त्र्यांचा खून करविला व त्यामुळें इंग्रज रागावले. ही ओळ मीं तीस वर्षांहून अधिक काळ वर्गांत वाचून घेतली आहे, आणि दर वर्षीं कोणीतरी एक पोरगा हात वर करून विचारीच, “मास्तर, हें सिद्ध कोणत्या कोर्टांत झालें ?” प्रश्न बरोबर होता. त्याचें उत्तर एका ओळींत मावत नाहीं, म्हणून आज हा खटाटोप.

प्रकरणाचें मूळ, बहुतेक भांडणांचें असतें तसें, पैशांत होतें. बडोद्याचे गायकवाड हे पेशव्यांचे सरदार. त्यांच्याकडून खंडणीची व इतर येण्याची बाकी वर्षानुवर्षें तुंबत गेली होती, आणि पेशव्यांच्या दफ्तराप्रमाणें ती कोटीच्या घरांत जात होती. बडोदेकरांचेही उलट दावे होते. त्याखेरीज अहमदाबादेच्या वसुलाचा प्रश्न होता. त्या सुभ्यांतील पेशव्यांच्या हिश्शाचा इजारा १८०० सालीं पांच वर्षांकरितां गायकवाडांस दिलेला होता, आणि १८०४ सालीं तो साडेचार लाख रुपये सालिना ह्या दरानें आणखी दहा वर्षें वाढविला होता. ही मुदत १८१४ त संपत होती. बडोद्यास इजारा पुन्हां हवा होता. पुण्यास तो द्यावयाचा नव्हता. महाराज आनंदराव गायकवाड राज्य चालविण्यास असमर्थ असल्यामुळें त्यांचे बंधु फत्तेसिंगराव कारभार पाहात, आणि त्या कारभारावर इंग्रज रेसिडेंटाचा हात होता. तेव्हां बडोद्याचा वकील पुण्यास यावयाचा तो इंग्रजांची हमी घेऊनच आला. त्याच्या जिवास धोका होणार नाहीं, ही जोखीम कंपनी सरकारनें पत्करली होती. ही हमी ध्यानांत ठेवावी. पुढें सारें राज्य तिच्या खुंटीला टांगलें गेलें.

गंगाधरशास्त्री हे मूळचे वांईजवळच्या मेणवलीकडचे. बडोद्यास ते मेजर वॉकर ह्या रेसिडेंटाच्या हाताखालीं एतद्देशीय कारभारी म्हणून चढत गेले आणि १८१३ सालीं गायकवाडांचे मुतालिक झाले. बुद्धि तल्लख, हिशेबांत पक्के, आणि बडोद्याची विसकटलेली घडी बसविण्याचें श्रेय पुष्कळ अंशीं त्यांचें. पण स्वभाव ! पुण्याचा रेसिडेंट एल्फिन्स्टन ह्यानें त्यांचें जें वर्णन केलें आहे तें मोठें मौजेचें आहे. शास्त्रार्थांत निष्णात असलेला हा ब्राह्मण साहेबासारखा झपझप चाले, झरझर बोले, समोरच्याचें बोलणें मध्येंच तोडी, पेशव्यांच्या दरबारी मंडळीला मूर्ख व लबाड अशीं विशेषणें लावी, तींसुद्धां इंग्रजींत, आणि दर वाक्यांत एक तरी इंग्रजी शब्द घुसडी. आमच्या घरोघरच्या तरुण मंडळींना वाटत असेल कीं ही मिश्र भाषा आपण शोधून काढली. तर तिचे आद्य आचार्य हे शास्त्रीबोवा, आणि काळ सव्वाशें वर्षांहूनही कितीतरी मागचा. पुण्यांतून त्यांची स्वारी ज्या थाटानें निघे तो पाहून लोकांचे डोळे दिपत, आणि दरबारचे डोळे जळत.

आतां दुसरा पुरुष. त्रिंबकजी डेंगळे संगमनेरकडील निमगांव जाळीचे. आरंभीं ते जासूद होते. १८०२ सालीं यशवंतराव होळकरापुढें पळून बाजीराव महाडाकडे गेला असतां त्रिंबकजीनें पुण्याचें एक काम विलक्षण झपाट्यानें उरकून दिलें आणि तेथून त्यांचा भाग्योदय झाला. लिहिण्यावाचण्याचा संस्कार बेताचा, पण छाती मोठी, काम हातीं घेतलें कीं तडीस नेण्याची धमक, आणि धन्यावर निष्ठा अशी कीं धन्याच्या शब्दापुढें पाप आणि पुण्य दोन्ही सारखीं. अशा मनुष्याची बाजीरावासारख्या संशयी धन्याला फार गरज असते. इंग्रजांशीं बोलणें करण्याचें काम त्यांच्याकडे आलें, आणि १८१४ त मुदत संपतांच अहमदाबादेचा सुभाही त्यांच्याच नांवें झाला. म्हणजे शास्त्री जो इजारा मागावयास आले होते, तो त्रिंबकजीच्या खिशांत पडला होता.

ह्या दोघांच्या भोंवतीं बडोद्याहून आलेली तिसरी एक मंडळी वावरत होती, तिला विसरतां कामा नये. बडोद्याचा पूर्वीचा दिवाण सीताराम रावजी पदच्युत झाला होता आणि शास्त्र्यांच्या जागेवर त्याचा डोळा होता. त्याच्या पक्षाचे गोविंदराव बंधूजी व भगवंतराव गायकवाड हे दोघे पुण्यास येऊन बसले होते आणि दरबारांत त्यांचें चांगलें येणेंजाणें होतें.

शास्त्री १८१४ च्या आरंभीं पुण्यास आले. वर्ष उलटलें तरी हिशेबाचा एक आंकडा पुढें सरकला नाहीं. ह्याच सुमारास रेसिडेन्सींतला जुना कारभारी खुश्रूशेट मोदी नोकरींतून दूर झाला आणि थोड्याच दिवसांत विषानें मेला. त्यानें तें स्वतः घेतलें कीं कोणी दिलें, ह्याचा उलगडा आजवर झालेला नाहीं. पुण्याची हवा त्या वर्षीं कशी होती हें दाखविण्यापुरता एवढाच उल्लेख करितों.

अखेर शास्त्र्यांनीं बडोद्यास परत जाण्याचें ठरविलें. तसें झालें असतें तर सारा निवाडा इंग्रजांच्या हातीं गेला असता. हें कळतांच दरबारच्या तोंडचें पाणी पळालें आणि वागणूक एका रात्रींत पालटली. काल ज्याला कोणी बसा म्हणत नव्हतें, त्याच्यापुढें आज दिवाणगिरीची भाषा सुरू झाली. श्रीमंतांना आपल्यासारखाच कारभारी हवा आहे, असें त्रिंबकजी त्यांना सांगूं लागले. मनुष्य हुशार असला तरी स्तुतीला कान देतोच. शास्त्री विरघळले. रोख रकमेच्या बदल्यांत गायकवाडांनीं वर्षास सात लाखांचा मुलूख द्यावा, अशी तडजोड त्यांनीं बडोद्यास न विचारतां कबूल केली. आणि त्यावर कळस म्हणजे बाजीरावाच्या मेव्हणीचा विवाह शास्त्र्यांच्या मुलाशीं ठरला. लग्न नाशकास व्हावयाचें, तयारी सुरू झाली. मे १८१५ ची ही गोष्ट.

परंतु मुलूख देण्यास फत्तेसिंगराव राजी होईनात. शास्त्र्यांची स्थिति मोठी अवघड झाली. तडजोड मंजूर नाहीं, आणि इकडे पेशव्यांचा व्याही व्हावयाचें, म्हणजे बडोद्यांत आपल्यावर लांचाचा आरोप येणार हें त्यांना दिसलें. त्यांनीं लग्न लांबणीवर टाकलें. शिवाय, बाजीरावाच्या वाड्यांतल्या रीतिभाती जाणून असल्यामुळें, आपल्या कुटुंबाला वाड्यावर पाठविण्याचें त्यांनीं साफ नाकारलें. गृहस्थ म्हणून त्यांनीं केलें तें योग्यच केलें, असें माझें मत आहे. पण सबंध पुण्याला आणि नाशकाला ह्या लग्नाची बातमी लागलेली. मांडवाची तयारी झालेली. आणि एका मांडलिक सरदाराचा कारकून प्रत्यक्ष पेशव्याची सोयरीक परत पाठवितो! हा घाव बाजीरावाच्या जिव्हारीं लागला. गंमत अशी कीं वरून कांहींच बदललें नाहीं. बोलणें पूर्वीसारखेंच गोड, किंबहुना अधिकच गोड.

नाशकाहून बाजीरावाची स्वारी आषाढीसाठीं पंढरपुरास निघाली. शास्त्र्यांना बरोबर येण्याचा आग्रह झाला. यात्रेची गर्दी आहे, माणसें थोडीं घ्या, असें सांगण्यांत आलें. त्यांचे सोबती बापू मैराळ हे जुने, सावध मुत्सद्दी. त्यांनीं नाशकासच राहावें असें ठरलें. रेसिडेंट एल्फिन्स्टन वेरूळचीं लेणीं पाहावयास गेला. म्हणजे जो सावध होता तो मागें राहिला, ज्याची हमी होती तो लांब गेला, आणि शास्त्री पंढरपुरीं पोंचले.

त्या दिवशीं त्यांनीं पेशव्यांकडे भोजन केलें. सायंकाळीं आपल्या बिऱ्हाडीं असतां त्रिंबकजीचा निरोप आला कीं देवळांत गर्दी कमी आहे, दर्शनास यावें. शास्त्र्यांच्या अंगांत ताप होता. प्रकृति बरी नाहीं, असें त्यांनीं कळविलें. पुन्हां माणूस आला. पुन्हां त्यांनीं नाहीं म्हटलें. निरोप येतच राहिले. शेवटीं आणखी नाकारलें तर अपमान केल्यासारखें होईल म्हणून ते उठले आणि चारदोन निःशस्त्र माणसें घेऊन निघाले. देवाच्या दारीं जातांना हत्यार कोण घेतो ? वाटेंत त्यांच्या एका माणसानें गर्दींतलें एक बोलणें ऐकलें. कोणी विचारीत होता कीं ह्यांतला शास्त्री कोणता. आणि दुसऱ्यानें उत्तर दिलें कीं ज्याच्या गळ्यांत कंठी आहे तो. त्या वेळीं ह्या बोलण्याचा अर्थ त्याच्या ध्यानांत आला नाहीं. एवढ्या मोठ्या वकिलाकडे बोट दाखविणारे यात्रेंत हजार असतात.

शास्त्र्यांनीं विठोबाचें दर्शन घेतलें. देवळांत त्रिंबकजी होते. त्यांच्याशीं कांहीं वेळ बोलणें झालें, आणि मंडळी परत निघाली. पुढें त्रिंबकजीचे शिपाई चालत होते. अंधार पडलेला. थोडें अंतर गेल्यावर मागून तिघे इसम धांवत आले. वाट द्या, वाट द्या, असें ओरडत, हातांत पिळलेलीं कापडें घेतलेले, जणूं कोणा बड्या स्वारीसाठीं रस्ता मोकळा करीत आहेत. जवळ येतांच एकानें शास्त्र्यांवर हात टाकला, आणि त्या कापडाखालून तरवार निघाली. दुसऱ्यानें त्यांना ओढून खालीं पाडलें. समोरून आणखी दोघे आले. बरोबरच्या ज्यांनीं आडवे येण्याची हिंमत केली ते तिघे जखमी झाले, बाकीचे पळाले. पळतांना एकानें मागें वळून पाहिलें, तों पांच इसम नागव्या तरवारी घेऊन विठोबाच्या देवळाच्या दिशेनें धांवत जातांना त्याला दिसले. ज्या तीर्थावर मुंगीसुद्धां मारूं नये, तेथें भर यात्रेंत एका ब्राह्मण वकिलाचा देह तुकडे होऊन रस्त्यावर पडला होता.

दुसऱ्या दिवशीं शास्त्र्यांचे लोक त्रिंबकजीकडे जाऊन, गुन्हेगारांचा शोध करा, म्हणून रडले. शास्त्र्यांना शत्रु पुष्कळ, बडोद्याच्या मंडळींचें हें काम असेल, कोणाला धरणार, असें उत्तर त्यांना मिळालें. शोध झाला नाहीं. मात्र बाजीरावाच्या व त्रिंबकजीच्या बिऱ्हाडांवरचे पहारे वाढले.

बातमी एल्फिन्स्टनला वेरुळाकडे कळली. हा मनुष्य थंड डोक्याचा. त्यानें आधीं पुणें गांठलें, साक्षीपुरावा गोळा केला, सैन्य हाताशीं आणलें, आणि मग पेशव्याला खलिता लिहिला. त्या खलित्यांत एक राजकारणी खुबी होती. बाजीरावावर त्यांत एका अक्षरानेंही आरोप नव्हता. आरोप सारा त्रिंबकजीवर, आणि मागणी अशी कीं त्याला व बडोद्याच्या त्या दोघांना अटक करावी. मालकाला दार मोकळें ठेवून चाकराला कोंडण्याचा हा डाव होता. बाजीराव मात्र दारांतून बाहेर पडेना. तो पुण्यास आला तो चोरासारखा, बंद पालखींतून, कोणा सरदाराला सामोरा येऊं न देतां. आठवड्यामागून आठवडे त्यानें सबबी सांगितल्या. शेवटीं, धीर खचला तेव्हां, त्रिंबकजीला वसंतगडावर ठेवलें. तेंही इंग्रजांस पुरेना, तेव्हां सप्टेंबर १८१५ त त्याला त्यांच्या स्वाधीन करून मोकळा झाला. गोविंदराव व भगवंतराव बडोदेकरांच्या हवालीं झाले. सीताराम रावजीवरही बडोद्यास पहारा बसला. त्रिंबकजीची रवानगी ठाण्याच्या किल्ल्यांत झाली.

आतां त्या विद्यार्थ्याचा प्रश्न. सिद्ध कोणत्या कोर्टांत झालें ? कोणत्याच नाहीं. खटला चालला नाहीं, आरोपीला साक्षीदार तपासतां आले नाहींत, त्याची बाजू कोणी मांडली नाहीं. एल्फिन्स्टननें जमविलेल्या पुराव्यावर फिर्यादीही तोच आणि न्यायाधीशही तोच. माझा एक जुना विद्यार्थी फौजदारी वकिली करतो. मीं त्याच्यापुढें हीं सारीं कलमें ठेवलीं. तो म्हणाला, “मास्तर, संशय दांडगा आहे, पण ह्यावर मी कोणाला फांशीं जाऊं देणार नाहीं.” मला वाटतें त्यानें मर्मावर बोट ठेवलें.

त्रिंबकजीविरुद्ध काय आहे ? पुनःपुन्हां पाठविलेलीं बोलावणीं. थोडीं माणसें आणण्याचा सल्ला. बापू मैराळांना मागें ठेवणें. देवळाकडे पळणारे मारेकरी. आणि सर्वांत बोलकी गोष्ट म्हणजे खुनानंतर न झालेला शोध. पंढरपुरास त्या वेळीं पेशव्यांची सत्ता नव्हती काय ? भर यात्रेंत पांच तरवारवाले नाहींसे होतात आणि राज्याचा मुख्य कारभारी हात झाडतो, हें निरपराध मनुष्याचें वर्तन दिसत नाहीं. आणि त्याच्या बाजूनें ? बोलावणारा मनुष्य स्वतः मारेकरी ठेवीलच असें नाहीं. त्याच्या बोलावण्याचा फायदा दुसरा घेऊं शकतो. शास्त्री मेल्यानें बडोद्याची दिवाणगिरी मोकळी होत होती. सीताराम रावजीच्या दृष्टीनें तर सुंठीवांचून खोकला जात होता. त्याचे हस्तक दरबारांत होते आणि पंढरपूरची बित्तंबातमी त्यांना होती. शिवाय इंग्रजांच्या हमीवर आलेला वकील मारला तर परिणाम काय होईल, हें न कळण्याइतका त्रिंबकजी अडाणी खास नव्हता.

आपल्याकडे एक चाल पडली आहे कीं इंग्रजानें लिहिलें तें खोटें, आणि आपल्या माणसावर आलेला आरोप म्हणजे कुभांड. ह्याच चालीचे कांहीं गृहस्थ पुढें जाऊन म्हणतात, खुनाचा फायदा इंग्रजांना झाला, तेव्हां खुनीही तेच. हें मला पटत नाहीं. पावसानें कुंभाराचें नुकसान आणि शेतकऱ्याचा फायदा होतो, म्हणून पाऊस शेतकऱ्यानें पाडला असें कोणी म्हणत नाहीं. फायदा कसा करून घ्यावा हें इंग्रजांना ठाऊक होतें, आणि ती संधि त्यांच्या हातीं आमच्याच दरबारानें दिली. माझ्यापुरतें विचाराल तर, कट त्रिंबकजीच्या माहितीशिवाय झाला असेल हें मला संभवनीय वाटत नाहीं. आणि धन्याच्या मनांत नसतांना त्रिंबकजी असलें काम करील हें तर त्याहूनही संभवनीय वाटत नाहीं. पण संभव निराळा आणि शाबिती निराळी. बाजीरावाला खरोखर आपला माणूस निर्दोष वाटत होता, तर त्यानें पहिल्याच दिवशीं पंढरपुरांत चौकशी बसवावयाची होती. रामशास्त्र्यांनीं ज्या गादीपुढें उभें राहून प्रत्यक्ष राघोबादादांना नारायणरावाच्या खुनाबद्दल दोषी ठरविलें, त्याच गादीवर त्याच राघोबाचा हा पुत्र बसला होता. न्यायाधीशाची परंपरा घरांत होती. न्याय मागण्याची छाती मात्र उरली नव्हती.

असो. ठाण्याच्या किल्ल्याकडे वळूं. त्रिंबकजीवर पहारा ठेवला तो सगळा गोऱ्या सोल्जरांचा. हेतु हा कीं आमचे लोक फितूर होतील, गोरा होणार नाहीं. हेतु ठीक, पण ह्या शहाणपणांतच भोंक होतें. गोऱ्यांना मराठीचा एक शब्द कळत नव्हता. किल्ल्यांतल्या एका साहेबाकडे एक मराठा मोतद्दार चाकरीस लागला. तो रोज घोड्याला खरारा करतांना त्रिंबकजीच्या खिडकीखालीं गाणें म्हणे. पहारेकऱ्यांना वाटे, काय हा गुणी प्राणी, काम करतांना गातो ! त्या गाण्यांत वाट कोणती, दिवस कोणता, घोडे कोठें, हें सारें कैद्याला सांगितलें जात होतें. १२ सप्टेंबर १८१६ ची रात्र पावसाळी आणि काळीकुट्ट होती. त्रिंबकजी शौचकूपाकडे गेले. त्या कूपाच्या भिंतीला भोंक पाडून पलीकडच्या तबेल्यांत जाण्याची सोय आधींच झालेली होती. पहारेकरी बाहेर वाट पाहात राहिला. कैदी आलाच नाहीं. गजबज उडाली, बत्त्या फिरल्या, तोंपर्यंत त्रिंबकजी खाडी ओलांडून गेले होते. पुढें हेबर नांवाच्या इंग्रज बिशपानें १८२५ च्या सुमारास ह्या भागांत प्रवास केला; त्यालासुद्धां हें सुटकेचें प्रकरण इतकें आवडलें कीं मोतद्दाराच्या गाण्याला त्यानें इंग्रजी पद्याचा वेष दिला. एरवीं ज्या त्रिंबकजीबद्दल लोकांना प्रेम नव्हतें, त्याच्या ह्या धाडसानें त्यांचीं मनें जिंकलीं. खुनी कीं निर्दोष, हा प्रश्न त्या रात्रीं मागें पडला. साहेबाच्या हातावर तुरी दिल्या, एवढेंच राहिलें.

त्रिंबकजी डोंगरांत शिरले. नाशिक, संगमनेर, खानदेश, तिकडे फलटणापलीकडचे महादेवाचे डोंगर, ह्या टापूंत त्यांनीं भिल्ल, रामोशी, मांग जमवून फौज उभारण्यास आरंभ केला. बाजीराव वरून म्हणे, तो कोठें आहे मला माहीत नाहीं. आंतून पैसा जात होता. एल्फिन्स्टनचे हेर झोंपले नव्हते. ७ मे १८१७ रोजीं त्यानें अखेरची मागणी केली : एका महिन्याच्या आंत त्रिंबकजी आमच्या स्वाधीन करा, आणि तोंपर्यंत जामीन म्हणून सिंहगड, पुरंदर आणि रायगड हे तीन किल्ले द्या. ८ मे ला पहांटे पुण्याभोंवतीं इंग्रजी फौजेचा वेढा पडला. श्रोतेहो, किल्ल्यांचीं नांवें पुन्हां मनांत आणा. शिवछत्रपतींनीं आणि तानाजीनें ज्यांच्यासाठीं रक्त सांडलें, ते एका पळून गेलेल्या आरोपीसाठीं तारण म्हणून लिहून दिले गेले. बाजीरावानें किल्ले दिले आणि आपल्याच जिवलग माणसाला पकडून देणारास दोन लाखांचें बक्षीसही जाहीर केलें.

१३ जून १८१७ चा पुण्याचा तह हा, माझ्या मतें, पेशवाईचा खरा मृत्युलेख. त्याच्या पहिल्याच कलमांत त्रिंबकजी हा शास्त्र्यांचा खुनी, असें पेशव्याकडून कबूल करून घेतलें. कोर्टांत न झालेला निकाल अशा रीतीनें तहांत लिहिला गेला. पुढचीं कलमें वाचतांना मात्र खुनाची आठवणही राहात नाहीं. मराठ्यांच्या साऱ्या सरदारांवरील वडीलपणा पेशव्यानें सोडावा. परदरबारीं वकील ठेवूं नये. चौतीस लाखांचा मुलूख आणि अहमदनगरचा किल्ला द्यावा. आणि गायकवाडांकडील कोटीच्या घरांतली ती सारी मागील बाकी वर्षास चार लाखांवर तोडून टाकावी. अहमदाबादेचा इजारा ? तो साडेचार लाखांवर गायकवाडांकडे गेला. शास्त्री जिवंतपणीं हेंच मागावयास आले होते. ज्या रकमेसाठीं व ज्या सुभ्यासाठीं त्यांना दीड वर्ष दारांत तिष्ठत ठेवलें, तें सगळें त्यांच्या प्रेतानें मिळविलें, आणि वर व्याज म्हणून राज्य नेलें.

नंतरची हकीकत आपणांस ठाऊक आहे. ५ नोव्हेंबर १८१७ ला खडकीची लढाई, १७ तारखेस शनिवारवाड्यावर इंग्रजांचें निशाण, सहा महिने बाजीरावाची पळापळ, आणि ३ जून १८१८ रोजीं माल्कमपुढें शरणागति. वर्षास आठ लाखांची नेमणूक घेऊन तो गंगाकांठीं ब्रह्मावर्तास गेला आणि तेथें १८५१ पर्यंत, म्हणजे तेहतीस वर्षें, जगला.

त्रिंबकजी शरण गेले नाहींत. धनी शरण गेल्यानंतरही ते महिनाभर लपून राहिले. २९ जून १८१८ रोजीं निफाडजवळच्या अहिरगांवीं कॅप्टन स्वान्स्टननें त्यांना पकडलें. पुन्हां ठाणें, मग समुद्रमार्गानें बंगाल, आणि शेवटीं काशीजवळचा चुनारचा किल्ला. गोऱ्यांचा पहारा ह्या वेळीं अधिक सावध होता, आणि खिडकीखालीं गाणारा मोतद्दार मराठी मुलखांत राहिला होता. १८२४ सालीं बिशप हेबर चुनारास गेला तेव्हां त्यानें त्यांना पाहिलें. त्याच गंगेच्या कांठीं, वरच्या अंगाला, त्यांचा धनी यज्ञयाग आणि दानधर्म करीत होता. १८२९ सालीं त्रिंबकजी त्या किल्ल्यांतच वारले. पंढरपूरच्या त्या रात्रीविषयीं त्यांना विचारणारा न्यायाधीश चौदा वर्षांत एकदांही त्यांच्यासमोर बसला नाहीं.